उभ्याची अवस

उंबरदऱ्याला वैशाखातल्या अवसेला गेलात, तर कोणी तुम्हाला ‘बसा’ म्हणणार नाही. घोंगडी अंथरत नाहीत, पाट मांडत नाहीत. गूळपाणी मिळतं, तेही उभ्यानं घ्यायचं. पाहुणे अवघडले की माळजाईचे गुरव केरबा उतारावरच्या बांधांकडे बोट करतात. “आधी ठकूमाय बसंल, मग आपण,” म्हणतात आणि सांगू लागतात.

फार मागं या उतारावर एकही बांध नव्हता म्हणे. ठकूचा नवरा हणमा वरून खाली सरळ तास धरून नांगराच्या चऱ्या पाडायचा. बैलांना वळणं कमी, कामाला उरक. एका साली मृगाचं पाणी त्याच तासांतून धावलं आणि सगळी काळी माती घेऊन ओढ्यात उतरलं. मागं उरला बोडका मुरूम. त्यावर काही उगवलं नाही. गावानं ठरवलं, पुढच्या मृगापर्यंत रानात हिरवं दिसलं नाही, तर देव उचलायचे आणि नदीपार जायचं.

ठकूच्या जिवाला थारा राहिना. तिनं माळजाईची ओटी भरली. “आई, तुझी माती तुला परत चढवीन. ती रुजती होईतो मी बसणार नाही.”

त्या दिवसापासून ती भाकरी उभ्यानं खाई. झोपही घरातल्या मेढीच्या खांबाला पाठ लावून, असं सांगतात. दळण सासूच्या गळ्यात पडलं. हणम्यासोबत तिनं उताराला आडवे दगड रचले आणि ओढ्यातला गाळ पाटी पाटीनं वर न्यायला लागली. भर पौषातसुद्धा तिची नजर मावळतीच्या ढगांना शोधायची.

जात्यावरून सासू बायजा म्हणायची, “पाण्यानं नेलेलं माघारी आणतीय. उद्या वारंही पाटीत भरशील.”

“भरलं असतं, आत्याबाई. पाटीला भोकं आहेत.”

चैत्रात पहिला बांध भरला. ठकूनं मूठभर जोंधळे टाकले, घागरीनं पाणी घातलं. पाणी ओतावं, ते सुळकन खाली जावं. आठ दिवस गेले, दहा गेले, कोंब नाही. त्या दहा दिवसांत ती किती वेळा चढली-उतरली, तिचं तिलाच ठाऊक.

अखेर बायजा काठी टेकत वर आली. कोपरापर्यंत हात मातीत घालून तिनं दोन मुठी काढल्या.

“वर रेती, तळाला काळी. ओढ्यात वरती काळी बसलेली, ती तू आधी आणलीस, म्हणून ती खाली गेली. खालची रेती मागून आणलीस, ती वर आली. घर उलटं बांधलंस गं. पाया आढ्याला आणि शाकारणी जमिनीत.”

ठकूनं पाटी खाली टाकली. ती बसणारच होती म्हणे. बायजेनं तिचा दंड धरला.

“नेम मोडू नको. आता मीही उभी हाय.”

दोघींनी सगळं उपसायला घेतलं. म्हातारी उन्हात उभी दिसली, तशा बांधलेली बोचकी सोडून एकेक बाई वर येऊ लागली. रेती तळाला घातली, त्यावर मुरमाड, सगळ्यांत वर काळी. बायजेला पाटी उचलेना. तिनं पदरातून ओंजळभर काळी आणली आणि तीच शेवटची पसरली. चार दिवसांनी वळीव कोसळला. पाणी बांधाला येऊन थबकलं, मुरलं आणि ओढ्यात निवळशंख होऊन उतरलं.

अवसेच्या सकाळी बांधाच्या वर हिरवे कोंब होते. नवं कोणी काही पेरलंच नव्हतं. चैत्रात वाया गेली म्हणून सोडलेली ती मूठ रेती उपसताना काळीत मिसळली आणि तिच्याबरोबर वर आली होती. माळजाईची करणी.

ठकू बांधावरच्या दगडावर बसली आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. कोणी हाक मारू गेलं, की बायजा तोंडावर बोट ठेवी. ऊन फिरलं तशी ती स्वतः सावली धरून उभी राहिली.

आजही त्या अवसेला प्रत्येक घरची बाई ओढ्यातली एक पाटी वर नेते, काळी वेगळी राखून. गावातली सर्वांत थोरली बाई पदरातली ओंजळ शेवटी पसरते. उताराच्या दिशेनं तास आजही कोणी धरत नाही. मग त्या दगडाला हळदकुंकू लागतं, आणि खाली देवळात केरबा घोंगडी झटकून पाहुण्यांपुढं अंथरतात.

“बसली माय,” म्हणतात. “टेका आता.”