काही न मागणारा प्राणी

"...पण भन्ते, आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी ज्याचं काही अडत नाही, असा यांतला कोणता?"

हेमंत वैरागडेनं हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. पहिल्या वेळी भन्ते विनयबोधी नुसते हसले होते.

विहार लहानसाच होता, गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली काचेच्या पेट्या, जाळीचे पिंजरे आणि सिमेंटचं एक टाकं होतं. लोक हौसेनं परदेशी कासवं, सरडे, साप विकत आणत. हौस फिटली की विहाराच्या दारात ठेवून गुपचूप निघून जात. भन्ते त्यांना सांभाळत. कुणी नीट सांभाळणारं भेटलं, तर देऊनही टाकत.

हेमंत त्यासाठीच नागपूरहून आला होता. मालवाहतुकीच्या एका मोठ्या कंपनीत तो विभागप्रमुख होता. कुठली गाडी कुठे, किती वाजता, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे. त्याचा त्याला अभिमानही होता.

"कुणासाठी हवाय?" भन्त्यांनी विचारलं.

"वडिलांसाठी. आई गेल्यापासून ते दिवसभर एकटे असतात. डॉक्टर म्हणाले, काहीतरी सोबत द्या."

"कुत्रा?"

"फिरवणार कोण? बाबांचे गुडघे गेलेत. मी सकाळी निघतो, परत येतो तेव्हा ते झोपलेले असतात. आणि कुत्रा दारात बसून वाट बघतो, भन्ते. मला ते नको. ओझं होतं त्याचं."

"म्हणून सरपटणारा."

"हो. मी सगळं वाचून आलोय. आपल्या जीवनशैलीला जुळेल असाच प्राणी निवडावा म्हणतात."

"कुणाच्या? तुमच्या, की त्यांच्या?"

हेमंतला प्रश्नच कळला नाही.

"आम्ही एकाच घरात राहतो," तो म्हणाला.

भन्ते उठले. टाक्यातून त्यांनी एक कासव उचललं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं.

"याचं पाणी सारखं बदलावं लागतं. कंटाळा केला तर घरभर वास सुटतो. आणि हे तुमच्या वडिलांच्या मागेही पुष्कळ वर्षं राहील."

"नको."

शेजारच्या पिंजऱ्यात फांदीवर हिरवा इग्वाना, हातभर लांबीचा सरडा, पसरला होता.

"याला रोज ऊन लागतं. रोज ताजा पाला. आणि जवळ बसून, हात लावून माणसाळवावा लागतो. नाहीतर शेपटीचा फटका देतो."

"रोज?"

"रोज."

"नको. भन्ते, मी खरं तर ठरवूनच आलोय. बॉल पायथन, छोटा अजगर. विष नाही, आवाज नाही, केस गळत नाहीत. एकदा खायला घातलं की आठ-दहा दिवस बघायला नको. आहे तुमच्याकडे?"

भन्त्यांनी पिंजऱ्याची कडी लावली. 

"आहे एक," ते म्हणाले.

ते आत गेले आणि बांबूची एक टोपली घेऊन आले. वर जुन्या चिवराचा तुकडा झाकलेला. त्यांनी ती हेमंतच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसले.

हेमंतनं जपून कापड बाजूला केलं.

तपकिरी-काळ्या ठिपक्यांचं जाडसर वेटोळं. त्यानं आधी नुसतं बोट टेकवलं. काही झालं नाही. मग तळवा ठेवला.

"थंड आहे."

"हो."

"साप थंडच असतात म्हणा... डोळे उघडे आहेत याचे. बघतोय माझ्याकडे."

"सापाला पापण्या नसतात."

हेमंतची भीड चेपली. त्यानं एक वेढा उचलून पाहिला. तो त्याच्या हातावरून सैलपणे घसरला आणि होता तिथे जाऊन पडला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "अनोळखी माणसानं उचललं तरी तक्रार नाही."

"नाही."

"मला हाच हवा, भन्ते. बाबांच्या खुर्चीशेजारी पेटी ठेवीन. त्यांचं याच्याशी जमेल. तेही असेच आहेत. दिवसभर एका जागी. काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत. खरं सांगतो, मला त्यांचा काडीचा त्रास नाही."

"आज काय म्हणाले?"

"आज?..."

हेमंत सापाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"आज रविवार. स्वयंपाकाच्या बाईंची सुट्टी असते. मी डबा टेबलावर ठेवून निघालो. बाबा खुर्चीत होते. डोळे मिटून."

"झोपले होते?"

"असतील."

"निघताना सांगितलंत?"

"'येतो' म्हणालो ना."

"मग?"

"मग... ते हल्ली उत्तर देत नाहीत फारसं." हेमंत जरा अवघडला. त्यानं विषय बदलला. "याला आता खायला कधी द्यायचं?"

"आता नाही द्यायचं."

"म्हणजे?"

"तो आज पहाटे गेला."

हेमंतचा हात होता तिथेच थांबला.

त्यानं खाली पाहिलं. ज्या डोळ्याला तो इतका वेळ ओळख देत होता, तो डोळा तसाच उघडा होता. त्याला हात काढून घेता येईना, ठेवताही येईना. मग एकदम तो ताडकन उठला. टोपली कलंडली. भन्त्यांनी ती वरच्यावर झेलली.

"तुम्ही... मेलेला साप माझ्या मांडीवर ठेवलात?"

"ज्याचं काहीच अडत नाही, असा तुम्हाला हवा होता. माझ्याकडे तेवढा एकच होता."

"मला सांगायचं तरी."

"मला वाटलं, हात लावल्यावर कळेल."

हेमंत उभाच राहिला. त्याला राग यायला हवा होता.  

हात लावल्यावर...

सकाळची खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर आली. बाबांची मान एका बाजूला कललेली. गुडघ्यांवर शाल. शेजारी स्टुलावर चहाचा कप, भरलेला, वर साय धरलेली. चहा त्यानंच करून ठेवला होता. तो कप तसाच आहे, हे त्यानं निघताना पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि चावी घेऊन बाहेर पडला होता.

त्यानं खिशातून फोन काढला. घरचा नंबर लावला.

रिंग वाजत राहिली. वाजून वाजून थांबली.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच.  भन्ते टोपली उराशी धरून उभे होते.

तिसऱ्यांदा रिंग वाजू लागली. वाजत राहिली... आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो, कोण हवंय आपल्याला?"

हेमंतचे वडील टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी फोन उचलला की ते असंच विचारत.

हेमंत तिथेच खाली बसला. मातीत, इस्त्रीच्या पँटसकट.

"हॅलो? कोण हवंय?"

"बाबा..."

"हेमंत होय. काय रे, काही विसरलास का?"

"नाही. तुम्ही... मघाशी उचलला नाहीत."

"न्हाणीत होतो. यायला वेळ लागतो मला. काय काम होतं?"

"काम... काही नाही, बाबा."

  म्हाताऱ्याचा आवाज बदलला. तो घाबरलेला होता.

"हेमंत, तू बरा आहेस ना रे?"

 कामाशिवाय आपला फोन आला म्हणून बाबा घाबरले, हे हेमंतच्या ध्यानात आलं.

"येतो मी," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

भन्ते कडुलिंबाकडे निघाले. तिथे झाडाला टेकून एक फावडं ठेवलेलं होतं. हेमंत उठून मागोमाग गेला. कुणी न सांगताच त्यानं फावडं घेतलं आणि खणू लागला. हिवाळ्यातली जमीन, वरचा थर कडक होता.

खड्डा झाल्यावर त्यानं टोपलीत दोन्ही हात घातले. या वेळी त्यानं साप हळूच उचलला, डोकं लोंबकळू न देता.

"कशानं गेला?"

"थंडीनं. सापाला स्वतःची ऊब नसते, बाहेरून द्यावी लागते. आधी होता त्या घरात पेटीवर दिवा लावून ठेवला होता. सगळी व्यवस्था चोख. मग ती मंडळी गावाला गेली. दिवा विझला. इथे आणला तोवर त्याला श्वास घेववत नव्हता."

"त्यांना कळलं नाही?"

"तो ओरडत नाही ना..."

हेमंतनं साप खाली ठेवला. फावडं बाजूला राहिलं. त्यानं माती हातांनीच लोटली, हातांनीच दाबली. 

"भन्ते," तो म्हणाला, "बाबांसाठी मी आता काय नेऊ?"

भन्त्यांनी त्याच्या मातीनं माखलेल्या, गारठलेल्या बोटांकडे पाहिलं.

"आत चुलीवर पाणी तापलंय," ते म्हणाले. "त्यानं हात धुवा. गार हातांनी घरी जाऊ नका."