दीडशेचं पान

आंबेरीच्या राजवाड्यातलं युनिक्सवर चालणारं संगणकयंत्र आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा राजे गजेंद्ररावांनी यंत्रशाळेच्या विसोबांना खुलासा विचारला नाही. त्यांनी बैलगाडी मागवली आणि विसोबांचं सामान तीत भरायला सांगितलं.

"अख्ख्या राज्याला एकच यंत्र," राजे म्हणाले. "जोशीबुवांचं पंचांग अर्धवट राहिलं, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या अडकल्या. तुम्ही तीस वर्षं इथे नेमकं केलंत काय?"

विसोबांची मुलगी साळू राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढपाचं काम करायची, पण यंत्र ती बापाकडूनच शिकली होती. बातमी कळली तशी ती ओल्या हातांनीच दरबारात आली. बापाची ट्रंक गाडीत चढत होती. दोन्ही गुडघे गेलेला माणूस या वयात राज्य सोडून जाणार कुठे?

"सरकार, यंत्र आबांनी पाडलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी एक काम सुरू करतं. त्या कामाला पिल्लं होतात, पिल्लांना पिल्लं होतात, आणि सगळी जागा तीच खातात. बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. मला दोन दिवस द्या, मी बंदोबस्त करते."

हट्टात राजांचा हात धरणारा कुणी नव्हता. "दिले दोन दिवस. पण अटी आमच्या. कुणाचं खातं बंद करायचं नाही. काम करणाऱ्याला यंत्रावरून उठवायचं नाही. आणि जास्त मागायला आला, तर कुणी माणसाने त्याला नाही म्हणायचं नाही. इतकं करून यंत्र पडलं, तर गाडी दारात आहेच."

"म्हणजे बैल सोडायला नकोत," दिवाणजी हळूच म्हणाले.

यंत्राचं रूट खातं म्हणजे धन्याचं खातं. त्याला कुठलीच आडकाठी नाही. त्याचा परवलीचा शब्द विसोबांना आणि राजांना, दोघांनाच ठाऊक होता. राजे तर पाऊस किती पडला एवढं बघायलाही रूटनेच आत शिरत. दुसरं खातं त्यांना कमीपणाचं वाटे.

साळूने वडिलांना शेजारी बसवून घेतलं आणि मर्यादांच्या फाइलीत प्रत्येक प्रजाजनासाठी ओळी लिहिल्या. एका वेळी शंभर कामं, ही सैल मर्यादा. ती ज्याची त्याने वाढवावी, कुणाला विचारायला नको. पण दीडशेला कडक मर्यादा. त्यापुढे यंत्रच हलणार नाही.

"पण हे नव्याने आत येणाऱ्यालाच लागू होतं गं," विसोबा म्हणाले. "आधीपासून बसलेत त्यांचं काय? उठवायचं तर नाही."

"जेवणाची घंटा होऊ दे," साळू म्हणाली.

घंटा झाली. आंबेरीत घंटा झाल्यावर कुणी बसून राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सगळे आपणहून बाहेर पडले, आणि जेवून परत आले ते नव्या मर्यादेत.

परीक्षेला दिवाणजी स्वतः बसले. त्यांनी रात्रंदिवस खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव रक्तबीज, कारण त्याच्या एका प्रतीतून दोन निघत, दोनातून चार. दिवाणजींनी आधी आपल्या शंभराचे दीडशे करून घेतले. मग एकशे एक्कावन्न करायला गेले, तेव्हा यंत्राने परवानगी नाकारली. हरकत नाही म्हणत त्यांनी रक्तबीज सोडलं.

दीडशेला रक्तबीज थांबलं. दिवाणजींच्या खात्यात आता दुसरी एकही आज्ञा चालेना, रक्तबीजाला मारायचीसुद्धा. शेजारच्या टर्मिनलवर जोशीबुवा शांतपणे एकादशीपर्यंत पोचले होते.

"सरकार, मला कुणीतरी सोडवा," दिवाणजी म्हणाले.

विसोबांनी रूटने आत जाऊन सगळी रक्तबीजं मारली. साळूला हायसं वाटलं. तेवढ्यात राजे उठले.

"बघू," ते म्हणाले. स्वतः टर्मिनलवर बसले, रूटने आत शिरले आणि रक्तबीज सोडलं.

यंत्र पडलं. जोशीबुवांची द्वादशी गेली.

"पडलं," राजे समाधानाने म्हणाले. "विसोबा, या आता."

विसोबा काठी शोधू लागले. साळू रागाने पुढे झाली.

"सरकार, जाण्याआधी एक विचारू? वाड्यावर हजार पानांची पंगत उठते. मी वाढते, पण सरकारांना पहिल्या पंगतीला कधी पाहिलं नाही."

"कसं पाहशील? आम्ही यजमान. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय आम्ही पानावर बसत नाही. सात पिढ्यांची रीत आहे."

"भूक नसते?"

"भूक असते! पण यजमानाला पुरे कोण म्हणणार? वाढपी वाढतच राहणार. आम्ही आधी बसलो तर पातेली आमच्याच पानावर रिकामी होतील, आणि पाहुणे उपाशी उठतील."

"मग सरकार," साळू म्हणाली, "जोशीबुवा उपाशी उठले, ते कुणाच्या पानामुळे?"

राजांनी बंद पडलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की डोक्यावरचा मंदिल डोळ्यांवर आला आणि दिवाणजींना तो सरळ करावा लागला.

"बैल सोडा!" राजे म्हणाले. "विसोबांची ट्रंक घरी पोचवा. आणि पोरी, आमच्यासाठी एक साधं खातं उघड. शंभर, आणि फार तर दीडशे. सगळ्यांसारखं."

"उघडते. आणि रूट?"

"आजपासून यंत्रशाळा तुझी. रूटचा परवलीचा शब्द बदल, आणि आम्ही कितीही हट्ट केला तरी आम्हाला सांगू नकोस."

विसोबांनी यंत्र पुन्हा चालू केलं. साळूने पदराला हात पुसले आणि नवा शब्द टाइप केला. राजे मान तिरकी करून बघत होते, म्हणून तिने तो परत एकदा बदलला.