काचेपलीकडचा मारवा

एक वृद्ध समीक्षक होते. स्वतः कधी गायले नाहीत. पण गाणं ऐकावं कसं, ते त्यांच्याकडून शिकावं अशी त्यांची ख्याती. बाजारात नवी ध्वनिमुद्रिका आली की लोक आधी विचारत, ‘म्हातारा काय म्हणतो?’ त्यांचा एक शिष्य होता. पोरगा हुशार, आणि हुशारांना जडतो तो रोग त्यालाही जडलेला: दुसऱ्याची चूक सापडली की त्याचा चेहरा खुलायचा.

एकदा गुरूंनी त्याच्या हाती एका वयोवृद्ध गायिकेची ध्वनिमुद्रिका ठेवली. बाईंच्या मैफिली केव्हाच थांबलेल्या, नाव लोक विसरलेले. उभ्या आयुष्यात निघाली ती एवढीच एक ध्वनिमुद्रिका. ‘नीट ऐक,’ गुरू म्हणाले. ‘तू झोडपलंस तर हिला कुणी हात लावणार नाही. आणि बाईंचं वय आता दुसरी संधी मिळण्याचं नाही.’

शिष्याने कानाला हेडफोन लावून त्यातला मारवा राग ऐकला आणि दुसऱ्या दिवशी लेख घेऊन हजर झाला. लेख कसला, सालटी काढली होती हो बाईंची! ‘समेवर येऊन बाई उगाच थबकतात. तोच मुखडा पुन्हा आळवतात. शेवटी तर गाणं चक्क उरकतात.’

‘वाच,’ गुरू म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

एरवी शिष्य वाचू लागला की गुरूंचं ‘हं’, ‘अस्सं’, ‘वा रे पठ्ठ्या’ असं काहीतरी चालू असायचं. आज अवाक्षर नाही. समोर नुसती पाठ. शिष्याने आपलं ठेवणीतलं वाक्य वाचलं आणि थांबला. ऐकू गेलं नसेल म्हणून तेच पुन्हा वाचलं. तरी काही नाही. भरल्या घरात आपण अगदी एकटे आहोत असं त्याला वाटलं, आणि उरलेलं त्याने भराभरा वाचून टाकलं.

‘गुरुजी, माझं काही चुकलं का?’

गुरू वळले. ‘तू थबकलास, तेच पुन्हा वाचलंस, शेवट उरकलास. बाईंनी दुसरं काय केलं? अरे, जन्मभर ती बाई समोरच्या माणसांकडे बघून गायली. समेवर आली की कुणाची तरी मान हलायची, कुणी ‘क्या बात है’ म्हणायचं, आणि त्यातून तिला पुढची जागा सुचायची. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तबलजीसुद्धा काचेपलीकडे. ती थांबली ती दाद यावी म्हणून, आणि दाद आलीच नाही. तिथे ती एकटी, इथे कान झाकून तू एकटा. दोष आहे, तो खुशाल लिही. पण समोर कुणी नव्हतं, हेही लिही.’

दिवस कलला तेव्हा शिष्य पत्ता विचारत विचारत बाईंच्या दारात उभा होता.

‘बाई, तुमचा मारवा ऐकायला आलोय.’

बाईंनी त्याच्या मागे जिन्याकडे पाहिलं. ‘बाकीचे कुठायत?’

‘मी एकटाच आहे.’

‘एक पुरतो,’ बाई म्हणाल्या. ‘ये. पण समोर बैस हं, कोपऱ्यात नको.’

तानपुरा जुळायला बराच वेळ लागला. पहिली सम आली. शिष्याने मान हलवली. बाईंना ती दिसली, आणि गाणं पुढे निघालं.