टोपलीतला पुरावा

"मग हिला शिक्षा काय द्यायची, बाबा?"

पद्माकरनं पुन्हा विचारलं. तरीबाबांनी आपलं आसन नीट केलं.

तारबंदरच्या धक्क्यावर, जिथून पलीकडच्या काठाला माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, सुटते, तिथं उंडीच्या झाडाखाली बाबांचा मठ; म्हणून ते तरीबाबा. मठ म्हणजे काय, एक कौलारू खोली आणि बाहेर दगडी ओटा. पण खाडीचं कुठलंही भांडण या ओट्याच्या पुढं गेलेलं गावाला आठवत नाही. बाबा म्हणाले की मिटलं.

ओट्यासमोर, ऐन उन्हात, वेताची टोपली ठेवलेली. टोपलीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पहाटेच चिखलातून काढलेल्या, जिवंत.

टोपलीमागं द्वारका तारी उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाला चिखल, मान खाली.

"बंदी चालू आहे हे हिला माहीत होतं," पद्माकर म्हणाला. "काठी रोवलेली हिला दिसत होती. तरी ही बाई ओहोटीला आत शिरली."

कालपर्यंत तो तिला द्वारकाकाकी म्हणायचा.

"बाबानू, माका एक सांगूचा आसा..." द्वारका म्हणाली.

"तुझी पाळी आली की बोल. आत्ता मी बोलतोय."

बाबांनी टोपलीकडं पाहिलं, मग खाडीकडं. भरती लागली होती. तिसऱ्यांचा चिखलाचा पट्टा केव्हाच पाण्याखाली गेला होता.

हा पद्माकर बाबांचा शिष्य, आणि वाईट माणूस मुळीच नव्हे. दोन पावसाळ्यांपूर्वी ही खाडी अशी खरवडली गेली होती की तासभर चिखल उपसला तरी रिकाम्या शिंपाच हाताला लागत. तेव्हा यानंच घरोघर हिंडून गावाला बंदी पटवली. पावसाआधीचे दोन महिने आतल्या पट्ट्यावरची एकही तिसरी उचलायची नाही, वाढू द्यायची. लोकांनी शिव्या घातल्या, यानं त्या खाल्ल्या. आणि यंदा तिसऱ्या परत दिसू लागल्या. काम मोठंच होतं. फक्त ते आपण केलं हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी त्याला येत नसे.

बंदीची खूण म्हणजे पट्ट्याच्या मधोमध रोवलेली बांबूची काठी, टोकाला लाल फडकं. ती दरवर्षी बाबा स्वतः रोवायचे. यंदाची भरतीनं कलंडली होती, फडकं तेवढं अजून दिसत होतं, आणि बाबांच्या गुडघ्यांना आता चिखल झेपत नव्हता. नवी काठी ओट्याला टेकवून ठेवली होती. ती ज्याच्या हाती जाईल तो यापुढं खाडीचा राखणदार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बाबांनी अजून नाव घेतलं नव्हतं... आणि पद्माकरची नजर बोलता बोलता त्या काठीकडं जात होती.

"नियम काय सांगतो?" बाबांनी विचारलं.

पद्माकरला नियम तोंडपाठ होते. तो ताठ झाला.

"बंदीच्या दिवसांत तिसरी काढेल किंवा मारेल त्याच्या सगळ्या घराला पुढचा मोसमभर खाडी बंद. गरीब असो, श्रीमंत असो. कारण विचारायचं नाही."

"सगळ्या घराला?"

"सगळ्या घराला, बाबा. मीच घालायला लावलं ते. त्याशिवाय जरब बसत नाही."

द्वारकेचा चेहरा उतरला. तिच्या घरात तिसऱ्या विकण्यावाचून दुसरी मिळकत नव्हती. तिनं तोंड उघडलं...

"बाबानू, ती टोपली..."

"टोपलीचंच बोलतोय मी!" पद्माकर उसळला. "वर ओलं गोणपाट घातलं होतं हिनं, बाबा. लपवायला! ते मी ओढून फेकून दिलं. हिला सरळ इथं न आणता बाजारातून फिरवत आणली. बघू देत लोकांना."

"आणि आता?"

"आता टोपली संध्याकाळपर्यंत इथंच राहील. होड्या परतल्या की सगळं गाव धक्क्यावर जमतं. तेव्हा दाखवायची. पुरावा आहे हा."

"पुरावा..." बाबा म्हणाले.

मग ते उठले. गुडघ्यांवर हात देत, कण्हत, ओट्यावरून खाली उतरले. टोपली उचलून त्यांनी सावलीत, ओट्यावर आपल्या जागी ठेवली. आपलं आसनही तिच्यासाठी सरकवून दिलं.

आणि टोपली जिथं होती तिथं, त्या तापलेल्या फरशीवर, स्वतः मांडी घालून बसले.

"बाबा! हे काय? उन्हात का बसलात?"

"चालू दे तुझं. ऐकतोय मी."

"तुम्हाला चटके बसतील."

"बसतायत."

"मग उठा ना!"

"उठून कसं चालेल? संध्याकाळपर्यंत दाखवायचं आहे ना..."

पद्माकरला काही उमजेना. तो एकदा बाबांकडं बघे, एकदा टोपलीकडं. बाबांच्या कपाळावर घाम जमून नाकावरून ओघळू लागला होता. ते स्वस्थ होते.

"द्वारके," बाबा म्हणाले, "तू मघापासून काय सांगत होतीस?"

ती एका दमात बोलली.

"माझा मागसून बघा, बाबानू. माझा चेडू, लेक माझी, पोटुशी आसा, तेका खावशी वाटली म्हणून मीया गेलंय, चुकलंय, माका कबूल आसा. पण ह्येंका आधी पाण्यात सोडा. गोणपाट त्याच्यासाठीच घातलेला. उन्हान मरतत ती."

"पद्माकर," बाबा म्हणाले. "एकीला बोट लाव."

पद्माकर ओट्याशी वाकला. वरच्याच एका तिसरीचं तोंड उघडं होतं. त्यानं बोट लावलं. जिवंत तिसरीला बोट लागलं की ती मिटते, हे तारबंदरात जन्मलेल्या कुणाला शिकवावं लागत नाही.

ती मिटली नाही.

त्यानं दुसरीला बोट लावलं. तीही तशीच. मग आणखी एकीला. ती हळूच मिटली... आणि पद्माकरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काकी, टोपली धरा," तो म्हणाला. "होडी धक्क्यालाच आहे."

दोघं धावली. धक्क्याच्या पायऱ्या उतरताना पद्माकरचा पाय घसरला, नडगी सोलली, पण टोपली त्यानं आडवी होऊ दिली नाही. होडी पट्ट्यावर नेली. द्वारका सांगेल तिथं आणि सांगेल तशी तो एकेक ओंजळ पाण्यात सोडत गेला. घाईघाईनं एका जागी ओतायला निघाला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. ज्या तिसऱ्या मिटत नव्हत्या त्या तिनं वेगळ्या काढून टोपलीच्या तळाशी ठेवल्या.

काठावरून बाबा ते बघत होते. उन्हातच.

दोघं परत आली तेव्हा पद्माकर कमरेपर्यंत भिजला होता. टोपलीच्या तळाशी मेलेल्या तिसऱ्या होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. त्यानं टोपली बाबांसमोर ठेवली आणि आधी त्यांना हाताला धरून उठवलं, सावलीत बसवलं.

"बाकीच्या जगतील, काकी म्हणतायत."

"जगतील. आणि ह्या?"

पद्माकरनं टोपलीतली एक उघडी शिंप उचलली.

"हिनं खाडीतून काढल्या तेव्हा ह्या जिवंत होत्या ना?"

"होत्या, बाबा."

"गोणपाटाखाली?"

"...होत्या."

"मग मारल्या कुणी?"

पाणी धक्क्याला थापा मारत होतं. पलीकडून तर निघाल्याची हाळी आली. द्वारकेला त्याची दया आली असावी, कारण तीच मध्ये बोलली.

"जाव दे, बाबानू. पोरगो आसा. काढली ती मीयाच ना?"

"तू गप्प, द्वारके. तुझी शिक्षा नियमानं ठरलेली आहे, ती कमी होणार नाही. आत्ता त्याला बोलू दे."

पद्माकरच्या घरी आई होती, भावजय होती. दोघी याच खाडीत तिसऱ्या काढायच्या, त्यावरच घर चालायचं. हा दिवसभर मठात आणि बंदीच्या कामात, आणि चूल त्या दोघींच्या टोपल्यांवर. त्यांना घरी जाऊन हे तोंडानं सांगायचं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. नियमातून सुटायची वाट शोधली असती तर त्याला नक्की सापडली असती, कारण नियम त्याचेच होते.

त्यानं शोधली नाही.

"तिसरी काढेल किंवा मारेल त्याच्या सगळ्या घराला..." तो म्हणाला. मग वळून तो स्वच्छ, धक्क्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असा बोलला. "तारींच्या घराला मोसमभर खाडी बंद. आणि आमच्याही घराला."

"कारण?"

"कारण विचारायचं नाही, बाबा."

बाबांनी ओट्याला टेकलेली काठी ओढून घेतली, टोकाचं लाल फडकं नीट घट्ट बांधलं, आणि ती त्याच्यापुढं धरली.

"ओहोटी लागली की रोवून ये."