पानावरचा आडवा हात

एका राज्यात पाहुणा कधी उपाशी गेला नाही, आणि सुखरूपही गेला नाही. आग्रह हाच तिथला धर्म होता. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर यजमान त्याच्या बोटांमधून वाढी. ज्याच्या पंगतीत जास्त माणसे पोट धरून उठत त्याला मोठा म्हणत, आणि अशा मोठ्यांत सर्वांत मोठा होता राजा मेघांक.

राजाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला एक जाडेभरडे घोंगडे पांघरलेला पांथस्थ पंगतीला बसला. दोन पोळ्या, वाटीभर खीर, एवढे खाऊन त्याने पानावर हात आडवा धरला.

"झालं माझं," तो म्हणाला.

राजा हसला. "आमच्या राज्यात असं म्हणायची रीत नाही. भानोजी, वाढ!"

भानोजी हा राजाचा वाढपी. वीस वर्षांचा असल्यापासून त्याच्या हाती वाढायचे ओगराळे होते. त्याची नजर नेहमी पानावर असे. पानात मोकळी जागा दिसली की ती भरायची, इतकेच त्याला ठाऊक. त्याने चुलीवरून उतरलेली उकळती खीर त्या आडव्या हातावर ओतली.

पांथस्थ ओरडला नाही. त्याने भाजलेला हात उचलला आणि सर्वांना दाखवला. तो कालकंठ नावाचा जादूगार होता.

"या हाताला तुम्ही मान दिला नाही," तो म्हणाला. "आजपासून तुमच्या राज्यात कोणाचाही हात पानावर आडवा होणार नाही. आणि जो चाळिशीला टेकेल, तो खाटेला टेकेल."

इतके बोलून तो दारातून चालत निघून गेला.

तसेच झाले. लोकांना नको असे, पण हात जड होऊन मांडीवर पडून राही आणि दुसरा हात घास उचली. चाळिशी आली की माणूस खाटेला लागे, आणि पुढे महिन्याभरात खाट रिकामी होई. बारा वर्षांत दरबारात एकही पांढरी दाढी उरली नाही. आजोबा कसे दिसतात, हे मुलांना चित्रातून दाखवावे लागे.

आणि या बारा वर्षांत राज्याचे शहाणे काय करत होते? राजवैद्य रुद्रट पाचक चूर्ण कुटत होता. जेवणाआधी एक चिमूट, म्हणजे आणखी जेवता येईल. जेवणानंतर दोन चिमटी, म्हणजे पुन्हा जेवता येईल. प्रधान चंद्रसेन रोज दवंडी पिटवत होता की महाराजांची प्रकृती उत्तम आहे. महाराजांना तेव्हा आठ भोई उचलत असत. पूर्वी चार पुरत.

राजाला चाळीस पूर्ण व्हायला पाच आठवडे राहिले, तेव्हा भानोजी त्याच्या मंचकापाशी गेला.

"महाराज, ओतणारा हात माझा होता. मी जादूगाराला शोधतो."

राजाला धाप लागली होती. "जा," तो म्हणाला. "पण लवकर ये. अन् वाटेसाठी लाडू घे."

राज्याच्या वेशीवर उंबराच्या झाडावर एक धनेश पक्षी बसला होता. भानोजी आपल्या तट्टावरून उतरत होता.

"तट्टू परत पाठव," धनेश म्हणाला. "कालकंठाचा डोंगर चालणाऱ्यालाच दिसतो."

"मला चालायची सवय नाही, पक्षीराज."

"ते दिसतंच आहे," धनेश म्हणाला आणि उंबर गिळले.

भानोजी चालला. पहिल्या दिवशी पाव कोस, दुसऱ्या दिवशी अर्धा. एकविसाव्या दिवशी त्याला क्षितिजावर एक निळा डोंगर दिसला. पायथ्याशी कालकंठ दगडावर बसला होता. त्याचा उजवा हात सुरकुतून काळा पडला होता.

भानोजीने दंडवत घातला. "शाप मागे घ्या."

"तीन कामं कर," कालकंठ म्हणाला. "पहिलं. त्या शेतातल्या घरात येसाई राहते. तिच्याकडे पोटभर जेवून ये."

भानोजीला हसू आले. हे कसले काम! तो दारापाशी गेला. दार बंद. हाका मारल्या, धक्के दिले. शेजारच्या नाचणीच्या शेतात एक बाई वाकून तण काढत होती.

"ते दार धक्क्याने नाही उघडत, बाबा," ती म्हणाली. "खरी भूक लागलेला माणूस समोर आला की आपणहून उघडतं. तुझ्या गाठोड्यात काय आहे?"

"लाडू."

"मग बस दाराकडे बघत."

दुसऱ्या दिवशी भानोजीने लाडू मुंग्यांना घातले आणि शेतात उतरला. तण काढले, विहिरीचे पाणी ओढले, उन्हे तिरपी झाली. तो घराकडे वळला आणि दार करकरत उघडले. आत त्याच बाईने, म्हणजे येसाईने, नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताक वाढले. भानोजीने आयुष्यात पहिल्यांदा भाजीची आंबट चव जिभेवर ओळखली.

"किती वय, येसाई?"

"एकशेतीन. ताक आणखी हवं असेल तर माग. मी आपण होऊन घालणार नाही."

दुसरे काम म्हणून कालकंठाने त्याला पितळेचे ताट दिले. "हे रिकामं करून आण."

ताट भाताने भरलेले होते. भानोजीने ते झाडाखाली नेऊन खाल्ले. ताट पुन्हा भरले. पुन्हा खाल्ले, पुन्हा भरले. दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी कोंडाजी नावाचा एक वृद्ध गुराखी काठी टेकत आला.

"एकटाच जेवतोस? कोणाशी भांडण झालंय का?"

"नाही, आजोबा. बसा ना."

हा शब्द तोंडी आल्यावर भानोजी स्वतःच दचकला. बारा वर्षांत तो कोणालाच म्हणता आला नव्हता. कोंडाजी बसला आणि त्याच ताटातून जेवू लागला. त्याने आपल्या खोडकर गाईची गोष्ट सांगितली, मग तिला शोधायला गेलेल्या मेहुण्याची, मग मेहुण्यालाच शोधावे लागले त्याची. भानोजी हसून लोळला. गोष्ट संपली तेव्हा दोघांमध्ये लखलखीत रिकामे ताट होते.

"आता तिसरं," कालकंठ म्हणाला. "मला वाढ. मी बोलणार नाही, आणि हा हातही आडवा धरणार नाही. माझं पोट भरलं की थांब. एक शीत कमी पडलं किंवा एक जास्त झालं, तर तू दगड होशील."

भानोजीने केळीचे पान मांडले. सवयीने नजर पानावर गेली. पान मोकळे दिसले, त्याने भात वाढला. पुन्हा मोकळे, पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा ओगराळे उचलले आणि त्याला येसाईचे बोलणे आठवले. त्याने पानावरची नजर काढली आणि जेवणाऱ्याकडे पाहिले. कालकंठाचा श्वास संथ झाला होता. घास घेण्यातली घाई गेली होती. त्याची नजर पानावरून उठून दूर, उतरणीला चरणाऱ्या गाईंकडे लागली होती.

भानोजीने ओगराळे खाली ठेवले.

कालकंठाने पान दुमडले. मग तो म्हणाला, "कसं कळलं?"

"आजवर मी पानच पाहिलं, महाराज. माणूस आज पाहिला."

कालकंठाने काळा हात त्याच्या मस्तकावर ठेवला. "शाप सैल केला. तुझ्या राजाचा हात आता एकदा आडवा होईल. त्या क्षणी वाढणारा थांबला तर शाप सुटेल. नाही थांबला तर मीही काही करू शकणार नाही."

भानोजी परत आला तो सात दिवसांत, पायीच. वेशीवरच्या शिपायाने त्याला ओळखले नाही.

राजाचा चाळिसावा वाढदिवस उजाडला होता. पंगत मांडली होती. राजाला लोडांना टेकून बसवले होते. चेहरा मेणासारखा, ओठ निळे. भानोजीने ओगराळे हाती घेतले. राजाने दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला, आणि बारा वर्षे मांडीवर पडलेला आपला हात उचलला. तो हळूहळू पानावर आडवा झाला.



"लाजतायत महाराज!" रुद्रट ओरडला. "चूर्ण द्या, दोन चिमटी!"

"वाढदिवस आहे!" प्रधान गरजला. "आज कोण नाही म्हणतं? भानोजी, वाढ! राजाज्ञा समज!"

पहारेकऱ्याची तलवार अर्धी म्यानाबाहेर आली. खिरीची वाफ भानोजीच्या तोंडावर येत होती. त्याने राजाच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग ओगराळे उचलले आणि खीर पातेल्यात परत ओतली.

"राजाज्ञा मोडलीस!" प्रधान किंचाळला. "तुला थांबायला सांगितलं कोणी?"

"महाराजांनी," भानोजी म्हणाला. "तो त्यांचा हात आहे. दिसत नसेल तर जवळ येऊन बघा."

राजाच्या ओठांवरची निळाई उतरली. राज्यभर, प्रत्येक घरातल्या प्रत्येक पानावर, एकेक हात आडवा झाला. खाटेवरची माणसे उठून बसली आणि त्यांनी पाणी मागितले.

राजाने भानोजीचा हात धरला आणि आधाराने उभा राहिला. दाराशी आठ भोई पालखी घेऊन पुढे आले. राजाने नको म्हणून मान हलवली.

"किती पावलं आहेत रे महालापर्यंत?"

"मोजली नाहीत, महाराज. चालून बघू."

ते चालले. वाटेत राजा चार वेळा थांबला. पुढच्या वर्षी एकदाही थांबला नाही. रुद्रटाला येसाईच्या शेतात तण काढायला पाठवले, आणि दवंडी पिटायला प्रधान स्वतः गावोगाव पायी फिरला. राजाची दाढी यथाकाळ पांढरी झाली, आणि ती पाहायला मुले वेशीपर्यंत धावत येत. त्या राज्यात आजही पाहुण्याला प्रेमाने वाढतात. वाढणारा आधी पाहुण्याच्या तोंडाकडे बघतो.