राजाच्या डोक्यावरची रेघ

फार पूर्वी विरजा नगरीत सोमधर राजा गादीवर बसला, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी सुचित नावाचे अमात्य होते. राज्यातल्या पाण्याची काळजी वाहणे हे त्यांचे काम. नगर एका मोठ्या तळ्यावर जगत होते आणि त्या तळ्याबाबत दरबारात एक मूर्ख रीत पडली होती. नवा राजा आला, की आधीच्या राजाचा तळ्यातला खांब हत्ती लावून उपटायचा, आपल्या नावाचा रोवायचा आणि त्या दिवशी पाणी जिथे असेल तिथे रेघ मारून कोरायचे: तळे भरले. म्हणजे प्रत्येक राजाचे तळे पहिल्या दिवशी भरलेलेच. पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओसरत होते आणि दरबार डोळ्यांवर कातडे ओढून बसला होता.

सुचितांनी राजाला विनवले, की यंदा खांब उपटू नये. त्याच खांबावर दर ऋतूला पाणी मोजावे, मासे आणि पक्षी कमी होतात की वाढतात ते पाहावे, आणि राजे बदलले तरी हे काम थांबू नये अशी कायमची तजवीज राज्याने करावी. तळे का आटते, ते त्याशिवाय कळणार नाही.

"उत्तर माझ्या हयातीत मिळेल?" राजाने विचारले.

"नाही, महाराज. कदाचित तुमच्या नातवाला मिळेल."

नातवाच्या कौतुकासाठी मी का खपू, असे म्हणून राजा हसला. मग त्याने सुचितांना महामात्यपद देऊ केले. अट एकच, खांब त्यांनी स्वतः उभे राहून उपटून घ्यायचा.

बोधिसत्त्वांना राग येत नाही असे म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावे. सुचितांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद त्यांनी नाकारले आणि राजाला तळ्यापासून बरेच दूर, एका कोरड्या गायरानात नेले. हत्तींनाही उपटता न आलेला एक जुना खांब तिथे राहून गेला होता. गुराखी त्याला गाय बांधत. त्यावर राजाच्या पणजोबाचे नाव होते, आणि भरल्या तळ्याची रेघ राजाच्या डोक्याच्याही वर होती.

कोळ्यांची म्होरकी निंबा तिथेच उभी होती.

"इथं माझी आज्जी जाळं टाकायची," ती म्हणाली. "दर राजाच्या वेळी आम्ही घर उचलून पाण्यामागं गेलो. आता पुढं नुसता चिखल हाय. कुठं जाऊ, सांगा."

राजाने हात उंच केला. बोटे रेघेला पोहोचली नाहीत.

"मग माझे नाव कुठे कोरायचे?"

"कुठेच नाही, महाराज."

राजाने हत्ती परत पाठवले. सुचितांना मात्र त्याने दरबारातून काढून टाकले. सुचित तळ्याकाठी राहून मोजणारी माणसे तयार करीत राहिले आणि उत्तर न कळताच वारले. ते उत्तर पिढ्यांच्या मोजणीतून सोमधराच्या नातवाला मिळाले. राजवाड्याच्या भट्ट्यांसाठी डोंगरावरचे रान तुटत होते, म्हणून तळ्याला पाणी देणारे झरे आटत होते. नातवाने तोड बंद केली, आणि हळूहळू पाणी वाढू लागले.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका भिक्खूकडे वळले. "विहाराच्या विहिरीतल्या जुन्या भिक्खूंनी केलेल्या पाण्याच्या खुणा खरवडून तिथे स्वतःची खूण काढणारा तू, त्या जन्मी सोमधर होतास. आज त्या विहिरीवरून रिकामा घडा घेऊन परतलेली उपासिका निंबा होती. सुचित मी होतो."

फळ आपल्या हयातीत दिसणार नाही हे ठाऊक असूनही न ढळणे, ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता. त्या दिवशी शास्त्यांनी ती कठोर आवाजात शिकवली.