वंदना ऐकू येते तिथवर

"पण मला भिक्खूचं चीवर कधी मिळणार, भन्तेजी?"

निरंजन मेश्रामने पुन्हा तेच विचारलं.

भन्ते सुमेध भिक्षापात्र समोर घेऊन जेवायला बसत होते. टेकडीवरच्या त्या विहारात भन्तेंचं दिवसाचं एकच जेवण, तेही दुपारचे बारा वाजायच्या आत. बारा वाजून गेले की मग दुसऱ्या दिवशीच.

"घाई काय आहे?"

"घाई नाही जी. पण मन शांत झालं माझं. नोकरी सोडली, घर सोडलं. इथं आल्यापासून कोणावर चिडलो नाही."

"घरी जातोस का अधूनमधून?"

"घरी?" निरंजन हसला. "भावाचं तोंड दिसलं की डोकं फिरते माझं. म्हणून तर इथं आलो."



तेवढ्यात निरंजनचा फोन वाजला.

निरंजन इंजिनिअर. त्यामुळे विहाराच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर त्याच्याच ताब्यात. परवाच त्याने तिथल्या मेलच्या मशीनपुढे फायरवॉलचा सर्व्हर बसवला होता. बाहेरून काहीही आलं तरी आधी त्या पहारेकऱ्यापाशी थांबणार. फार अभिमान होता त्याला त्याचा.

"दादा, मी वच्छला शेंडे बोलते, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून. विहाराच्या दवाखान्यातले आपले डॉक्टरसाहेब आहेत सोबत. ते म्हणतात त्यांचा विहारातला मेल इथून उघडतच नाही. माझ्या लेकराच्या रक्ताचा रिपोर्ट त्यातच आला आहे. कोणतं औषध लागू पडेल ते त्यात लिहिलं आहे म्हणे."

"लॅबला फोन करा ना."

"आज रविवार आहे, दादा. बंद आहे. अंग नुसतं पेटलंय त्याचं. सकाळपर्यंत रडत तरी होतं... आता रडतही नाही हो."

निरंजनने शेजारच्या खोलीतल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर मेलचं पान उघडून पाहिलं. लगेच उघडलं.

"ताई, इथं तर उघडते. तिकडचं नेट खराब असेल."

"बाहेर जाऊन बघ," भन्ते म्हणाले.

निरंजन मोबाईल घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"बाहेरूनही उघडते जी. चूक त्यांचीच आहे."

आत सभागृहात मुली वंदना म्हणत होत्या.

"फाटकात वंदना ऐकू येते का रे?"

"येते ना."

"मग ते आतच."

भन्तेंनी पात्रावर झाकण ठेवलं आणि उठले.

"भन्तेजी, बारा वाजत आले! मग तुम्हाला जेवता नाही येणार."

"ते लेकरू कधी जेवलं असेल?"

निरंजन चप्पल घालून मागे निघाला.

दोघं टेकडी उतरू लागले. भन्ते मधेच थांबत, कान देत, पुन्हा चालू लागत. बोअरवेल मागे पडली. सडकेवर आल्यावर ते थांबले.

"आता नाही ऐकू येत. आता बघ."

मोबाईलवरचं विहाराचं वायफाय कधीच सुटलं होतं. निरंजनने मेल उघडला. पान पांढरंच राहिलं... वर पाहतो तर पत्ताच बदललेला. आतल्या मशीनला त्याने स्वतः ठेवलेलं नाव तिथं आलं होतं. ते नाव विहारातल्या कॉम्प्युटरांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"काय झालं?"

"पहारेकरी आत सोडतो जी. पण आतून उत्तर मिळते, मागच्या खोलीत या. ती खोली बाहेरच्या माणसाला सापडणार कशी? फाटकात माझ्या फोनला आपलंच वायफाय होतं. म्हणून मला सापडली."

"आणि तिला?"

निरंजन पळत सुटला. चढावर चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. सर्व्हरवरचं आतलं नाव काढून त्याने बाहेरचा पत्ता घातला. मग फोन लावला.

"ताई, आता बघा. साहेबांना म्हणा, आता बघा."

पलीकडे नुसता दवाखान्याचा गलका...

"उघडलं! दादा, साहेब वाचताहेत."

संध्याकाळी वच्छलाचा पुन्हा फोन आला. औषध सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

"दादा, आत्ता रडलं हो! भुकेनं रडलं. चमच्यानं दूध घेतलं."

निरंजन भन्तेंकडे गेला. पात्र झाकलेलंच होतं. भन्ते पायरीवर बसून पाणी पीत होते.

तो खाली बसला. चीवराचं काही बोलला नाही.

मग म्हणाला, "उद्या घरी जाऊन येतो, भन्तेजी. दारातूनच भावाला जयभीम करतो आणि परत फिरतो."

भन्तेंनी पेला खाली ठेवला.

"दारातून म्हणजे पुन्हा फाटकातूनच बघणं झालं... त्याच्या शेजारी जेवायला बस."